क्लाउझर मिनो आपल्या पाण्यासाठी बदलायचा तर सुरुवात कुठून करावी?

कोयनाकाठ

फ्लाय, म्हणजे हुकावर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष, बांधणारे इथे आता बरेच झाले आहेत, म्हणून वेगळा धागा काढतो. विषय फक्त स्ट्रीमरचा, म्हणजे पाण्याखालून ओढत आणायच्या, लहान माशासारख्या पोहणाऱ्या फ्लायचा. त्यातही क्लाउझर मिनो.

बॉब क्लाउझर यांनी ही फ्लाय १९८७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बास या माशासाठी बसवली. वाहतं पाणी, तळाशी दगड, खोली पुरुषभर किंवा त्याहून कमी. तिचं सगळं गणित त्या पाण्याचं आहे. आपल्याकडे मरळीसाठी टाकायची तर पाणी स्थिर, गुडघ्या-कमरेएवढं, आणि मध्ये हायड्रिला नाहीतर जलपर्णी. मूळ वजनाची फ्लाय पडल्या पडल्या तणात जाऊन बसते. खडसासाठी (महसीर) नदीच्या डोहात टाकायची तर नेमकं उलटं, तीच फ्लाय वरच्या वर राहते.

माझं मत असं: बदल करताना आधी वजन ठरवा, मग केस किती ते ठरवा, रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण रंगापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात.

तीन प्रश्न आहेत.
१. उथळ तणाच्या पाण्याला डोळे, म्हणजे फ्लायला बुडवणारं दोन डोळ्यांसारखं वजन, कोणते?
२. बकटेल, म्हणजे अमेरिकन हरणाच्या शेपटीचे केस, इथे सहज मिळत नाहीत. त्याला खरोखर चालणारा पर्याय कोणता?
३. तणात अडकू नये म्हणून गार्ड लावावा का, आणि लावला तर किती जाड?

---

सस्क्वेहानाकर

छान धागा. याच नदीकाठी राहतो म्हणून मूळ बांधणी नीट लिहून ठेवतो. बदल करायचे तर मूळ पक्कं हवं.

हूक २ किंवा ४ नंबर, सरळ डोळ्याचा, मस्टॅड ३३६६ सारखा साधा. धागा १४० डेनियर (जाडीचं माप). हुकाच्या डोळ्यापासून दांडीच्या एक तृतीयांश अंतरावर डंबेल (डोळ्यांचं ते जोडवजन) बसवायचं, दांडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे टोकाच्या विरुद्ध. जड बाजू खाली जाते, हूक पाण्यात उलटा होतो आणि टोक वर राहतं. दगडात कमी अडकायचं खरं कारण हेच.

पांढऱ्या केसांची पहिली जुडी डंबेलच्या पुढे बांधा, दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि डंबेलच्या मागे चार-पाच हलक्या वेढ्यांनी धरा. इथे धागा आवळला की केस छत्रीसारखे फुलतात आणि फ्लाय जाड दिसते. मग व्हाइसमध्ये, म्हणजे हूक पकडायच्या शिकंजात, हूक उलटा करा. सात-आठ तारा चमक, आणि त्यावर रंगीत केसांची दुसरी जुडी. ही फक्त डंबेलच्या पुढेच बांधायची, मागे अजिबात धरायची नाही. तिची हालचाल मोकळी राहते.

जुडीची जाडी केस चिमटीत दाबून धरल्यावर पेन्सिलीतल्या शिसाएवढी. पहिल्यांदा बांधणारा हमखास याच्या तिप्पट घेतो. लांबी दांडीच्या अडीच ते तीन पट. केसांची टोकं कात्रीने कधीही सरळ कापू नका, लांबी बुडाकडून कमी करा.

आणि एक. हुकाच्या डोळ्यामागे त्या डोळ्याच्या दुप्पट जागा रिकामी सोडून काम सुरू करा. डोकं बांधताना जागा उरत नाही ही तक्रार शेवटच्या टप्प्यावर येते, पण तिचं कारण पहिल्या टप्प्यात असतं.

---

नवशिका

डंबेल दांडीभोवती फिरतं. कितीही धागा गुंडाळला तरी दोन-चार मासे लागले की तिरकं. काय चुकतंय?

---

बॉबिन

@नवशिका, धागा जास्त लागतोय म्हणूनच फिरतंय. गुळगुळीत दांडीवर धाग्याचा ढीग झाला की तो ढीगच सगळा फिरतो. क्रम असा ठेवा:

आधी नुसत्या दांडीवर धाग्याचा एक सलग थर. डंबेल जिथे बसणार तिथे धाग्याचा छोटा उंचवटा. डंबेल तिरपं ठेवून एकाच दिशेने दहा वेढे, मग ते हाताने काटकोनात आणून दुसऱ्या दिशेने दहा वेढे. नंतरची पायरी लोक गाळतात: धागा दांडी आणि डंबेल यांच्या मधून आडवा फिरवायचा, दांडीला न गुंडाळता, पाच-सहा वेढे. त्याने आधीचे सगळे तिरपे वेढे आवळले जातात. मग सुपरग्लूचा एक थेंब, आणि केस बांधायच्या आधी तो पूर्ण वाळू द्यायचा. ओला असताना केस लावले तर गोंद केसांत चढतो आणि वाळल्यावर केस काडीसारखे ताठ होतात.

धाग्याबद्दल: इथे फ्लायचा धागा मिळत नसेल तर मशीन भरतकामाचा पॉलिस्टर धागा घ्या. १२० डेनियरचे दोन पदर असतात. बॉबिन उलट फिरवून पीळ काढला की चपटा बसतो. निसरडा असतो, म्हणून मधमाशीचं मेण लावूनच वापरा. साधा शिवणाचा धागा नको, तो लव सोडतो आणि डोकं गोळ्यासारखं होतं.

---

पाणघार

कोयनाकाठ, वजन आधी हे मला पटत नाही. आधी हूक.

तुम्ही खडस म्हणालात. या माशाच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि ओठांची पकड भयंकर. २ नंबरचा पातळ तारेचा हूक तो सरळ करून टाकतो. मग वजन, केस, रंग यांचा हिशोब कशाला? खडसासाठी १/० किंवा २/० (२ नंबरपेक्षा मोठा), जाड तारेचा, आखूड दांडीचा. दांडी लांब असली की मासा तिला तरफेसारखं वापरतो आणि टोक उलगडतं. लांबी हवी तर ती केसांतून घ्या, दांडीतून नको.

जाड तार म्हणजे हुकाचं स्वतःचं वजन वाढलं, म्हणजे डंबेल एक नंबर लहान. त्यामुळे वजन हूक ठरल्यावरच ठरतं.

काटा (बार्ब) पक्कडीने बांधायच्या आधी दाबा. दाबताना कधी कधी हुकाचं टोकच तुटतं. तुटायचंच तर रिकामा हूक तुटू दे, पूर्ण बांधलेली फ्लाय नको.

---

कोयनाकाठ

@पाणघार, खडसाच्या बाबतीत मान्य. मरळीच्या बाबतीत मात्र वजनच पहिलं, कारण तिथे प्रश्न हूक वाकण्याचा नाही, फ्लाय तणावर किती वेळ तरंगत राहते याचा आहे.

---

रंगारीण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात मी बरीच मुरले आहे.

आधी काय वापरायचं नाही ते. चितळ, सांबर, भेकर यांचे केस कोणी कितीही 'जुने आहेत, घरातले आहेत' म्हणून दिले तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते बाळगणं गुन्हा आहे. इथे चर्चासुद्धा नको.

चालणारा पर्याय म्हणजे शेळीचे केस. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते, रंगवायची गरजच नाही, आणि गढूळ पाण्यात काळी सावली जितकी उठून दिसते तितकं दुसरं काही दिसत नाही. संगमनेरीत पांढरे मिळतात, पण केस आखूड. ते ६ नंबर हुकाच्या लहान फ्लायसाठी. मोठ्या फ्लायसाठी बोकडाची दाढी आणि शेपूट बघा, खाटकाकडे सांगून ठेवलं की मिळतं.

बकटेल आणि हे केस यांत एक फरक लक्षात ठेवा. बकटेलचा केस बुडाशी थोडा पोकळ असतो, धागा त्यात रुततो. शेळीचा केस भरीव आणि निसरडा, जुडीच्या जुडी निसटते. उपाय: बुडं तिरपी कापा, धाग्याला मेण लावा, पहिले तीन वेढे घेतल्यावर बुडाला गोंदाचं एक टिंब द्या आणि मग आवळा. भरीव असल्यामुळे हे केस लवकर बुडतात हेही धरून चाला, म्हणजे डोळे आणखी हलके चालतील.

स्वच्छ करणं: कोमट पाण्यात शाम्पू घालून दोनदा धुवा. बारीक दातांच्या फणीने आतली लोकर विंचरून काढा. ती राहिली तर फ्लाय स्पंज होते. सावलीत वाळवा.

रंग: सुती कापडाचा, मीठ घालून करायचा रंग केसांवर बसत नाही. लोकर-रेशमाचा ॲसिड रंग घ्या. दहा ग्रॅम केसांना लिटरभर पाणी, दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. केस आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, नाहीतर डाग पडतात. पाणी वाफाळतं ठेवा, उकळू देऊ नका, उकळलं की केस ठिसूळ होतात. पंधरा-वीस मिनिटं. शार्ट्रूज, म्हणजे पोपटी-पिवळ्या रंगासाठी, लिंबोणी पिवळ्यात हिरव्याची अगदी चिमूट. ओला रंग वाळल्यावर फिका दिसतो, तेव्हा हवा त्याहून एक छटा गडद झाल्यावर काढा. हळदीने सुरेख पिवळा येतो पण उन्हात उडतो, त्यावर वेळ घालवू नका. रंगाचं भांडं स्वयंपाकात परत नाही.

---

माळरान

रंगारीण ताई, हा प्रतिसाद छापून व्हाइसच्या वर लावतोय. खाटकाला मात्र दाढी मागताना कारण सांगू नका, पुढच्या वेळी तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारतो, "मासे लागले का बोकडाला?"

---

बॉबिन

:-) चिकनवाल्याकडे गावठी कोंबड्याची मानेची पिसं मागितली की 'कालवण कसलं करणार' हा प्रश्न ठरलेला.

पण पिसं घरी आणली की एक काम न चुकता करा. साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, घट्ट पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये. बाहेर काढून एक-दोन दिवस ठेवा आणि पुन्हा आठवडाभर. पहिल्या थंडीत वाचलेली कसरीची अंडी मधल्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या वेळी मरतात. एका पिसातून आलेली कसर सगळा डबा खाते.

---

पोटोमॅककर

मरळ हा शब्द दिसला म्हणून आलो. इथे मेरीलँडमध्ये तिची चुलत बहीण आहे, नॉर्दर्न स्नेकहेड. मूळची पूर्व आशियातली. २००२ मध्ये क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडल्यावर मोठी खळबळ झाली, २००४ मध्ये पोटोमॅकमध्ये मिळाली आणि आता तिथे कायमची आहे. इथे ती परकी आणि नकोशी, जिवंत बाळगायला बंदी. तुमच्याकडे मरळ घरचीच, तेव्हा सोडताना तिची काळजी घ्या. पाण्याची सवय मात्र दोघींची सारखी: उथळ, तण, गरम पाणी, हवा घ्यायला वर येणं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शिशाचं डंबेल सोडा, मण्यांची साखळी घ्या. बेसिनच्या बुचाला असते तीच, स्टीलची, ४ मिलिमीटर मण्यांची. दोन मणी कापायचे आणि डंबेलसारखे बांधायचे. मणी पोकळ असल्याने तेवढ्याच आकाराच्या शिशापेक्षा वजन फारच कमी. फ्लाय उलटी मात्र नक्की राहते, तेवढ्याला ते पुरतं. पितळ चढवलेल्या लोखंडी साखळीला पाण्यात गंज येतो, चुंबक लावून बघून घ्या.

ओढताना एक हात ओढ, मग थांबा. थांबल्यावर ही फ्लाय हळू, नाक खाली करून उतरते. धडक त्या थांब्यातच बसते.

तिसरा प्रश्न: गार्ड हवाच. ०.४५ मिलिमीटर मोनोफिलामेंटचे (तंगुसाचे) दोन पाय, डोक्यापाशी इंग्रजी व्ही सारखे बांधून मागे टोकाकडे झुकवायचे. पायांची उंची टोकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त. मोनोचं बूड बांधायच्या आधी पक्कडीने चपटं करा, नाहीतर पाय फिरतात.

---

पाणघार

गार्डबद्दल सावध. ०.४५ चे दोन पाय म्हणजे मरळीच्या हाडासारख्या तोंडात हूक रुतायला दोन अडथळे. क्लाउझरमध्ये टोक वर असतं आणि वरची जुडी त्यावरून जाते, तीच अर्धा गार्ड आहे. मोकळ्या हायड्रिलात एवढं पुरतं. जलपर्णीच्या कडेला टाकणार असाल तरच गार्ड, आणि तोही ०.३५ चा.

---

पोटोमॅककर

@पाणघार, ०.३५ मिलिमीटर जलपर्णीच्या देठापुढे वाकून आडवा होतो, मग असून नसल्यासारखा. हूक न रुतण्याचं कारण बहुतेक वेळा गार्ड नसून रॉड उचलून मारलेला झटका असतो. रॉड पाण्याच्या दिशेने सरळ ठेवून दोरी हातानेच जोरात ओढा. टोक नखावर घासून बघा. घसरलं तर कानस मारा.

चाचणी सोपी आहे. बोटाने गार्ड दाबा. हूक बोटाला टेकायला जेवढा जोर लागतो तेवढाच माशाला लागणार. बोट लाल होईतो दाबावं लागत असेल तर जाड झाला.

---

शेवाळ

थोडं अवांतर. जुन्या अमेरिकन स्ट्रीमरमध्ये गालावर ते पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्याचं चकचकीत पीस असतं, ते आपल्याच रानकोंबड्याचं ना? कोणी वापरतं का?

---

सस्क्वेहानाकर

हो, सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. ते ठिपके म्हणजे पिसाच्या टोकाला चपटी, मेणचट झालेली बाजू. पाण्यात ती डोळ्यासारखी दिसते. ग्रे घोस्ट ही त्यातली सर्वांत नावाजलेली फ्लाय, मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स यांची. त्यांनी १ जुलै १९२४ ला अप्पर डॅमपाशी स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर सहा पौंड तेरा औंसाचा ब्रूक ट्राउट पकडला आणि त्यांच्या फ्लायची मागणी सुरू झाली. त्या व्हाइस वापरत नसत, हूक बोटांत धरून बांधत. गाल, खांदा आणि पंख आधी एकत्र चिकटवून ठेवत आणि मग तो तयार जोड दोन्ही बाजूंनी बांधत. ही युक्ती आजही कामाची आहे: पिसं जागेवर एकेक लावण्यापेक्षा डावी-उजवी जोडी टेबलावर जुळवून घ्या, दोन्ही बाजू सारख्या येतात.

---

रंगारीण

आणि शेवाळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वापरायचं नाही. रानकोंबडा त्याच १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे. परदेशात पाळीव पक्ष्यांची पिसं कायदेशीर मिळतात, ती गोष्ट वेगळी. इथे पर्याय करा. काळ्या कोंबडीच्या पिसाचं लहान टोक घ्या, नेलपॉलिशचा पारदर्शक थर, वाळल्यावर टूथपिकने पांढरा ठिपका, त्यात पिवळा, वर पुन्हा पारदर्शक थर. पाण्याखाली माशाला तेवढं पुरे.

मोरपिसाचंही इथेच सांगते, कारण वूली बगर या दुसऱ्या एका स्ट्रीमरच्या पोटाला लोक ते वापरतात. आपोआप गळलेली पिसं देशात ठेवायला अडचण नाही, पण देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मंडळींनी येताना-जाताना बॅगेत टाकू नयेत.

---

कोरडवाहू

एक मूलभूत शंका. क्लाउझरच कशाला? वूली बगर बांधायला निम्मा वेळ लागतो आणि काहीही खातं त्याला. रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये ती पाण्यातल्या अळीसाठी म्हणून बांधली, आज जगात कुठेही टाका, जळू, झिंगा, बेडकाचं पिल्लू, मुरी, सगळं वाटते.

६ नंबर, लांब दांडीचा हूक. अर्धा मिलिमीटर शिशाची तार, पंधरा वेढे, दांडीच्या पुढच्या निम्म्या भागात. शेपूट मराबूचं, दांडीएवढं लांब. शेनीलचं (लवदार दोऱ्याचं) पोट. कोंबड्याचं पीस टोकाकडून मागे बांधून पुढे गुंडाळायचं. त्यावर तांब्याची बारीक तार पिसाच्या उलट दिशेने. ही तार नसेल तर दात असलेल्या पहिल्याच माशाने पीस तुटतं आणि सगळं सुटत जातं.

मराबू म्हणजे आज टर्कीचंच पीस. नसेल तर कोंबडीच्या पिसाच्या बुडाशी जो कापसासारखा भाग असतो तो तीन-चार पिसांचा एकत्र करा.

---

कोयनाकाठ

@कोरडवाहू, बगर उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण टोक खाली असतं, तणात आणि दगडात दोन्हीकडे अडकतं. त्यावर उपाय म्हणून बगरलाच दांडीवर मण्यांची साखळी बांधली तर? उलटी पोहेल.

---

कोरडवाहू

पोहेल, पण मग पुढच्या भागातली शिशाची तार काढा. ती दांडीभोवती सगळीकडे सारखी असते, म्हणजे फ्लायला उलटं व्हायला काहीच मदत करत नाही, नुसतं वजन वाढवते. जड बाजू एकच हवी.

---

घोंगडी

तळाशी बसणाऱ्या माशांची नक्कल करायची असेल, खरबा वगैरे, तर रुंद चपटं डोकं लागतं. मडलर मिनो हेच करते. डॉन गॅपेन यांनी ती १९३० च्या दशकात ओंटारियोतल्या निपिगॉन नदीवर स्कल्पिन माशासाठी काढली. डोकं हरणाच्या पोकळ केसांचं, जे आपल्याकडे नको हे वर ठरलंच. लोकर वापरा. दख्खनी मेंढीची भरड लोकर, जिची घोंगडी होते, ती यासाठी मऊ मेरिनोपेक्षा चांगली, कारण कापल्यावर आकार धरून राहते.

बोटाएवढ्या लांबीचा झुबका दांडीच्या वर, मधोमध धाग्याने आवळा. तेवढाच दुसरा खाली. धागा पुढे आणा, पुन्हा वर-खाली. तीन-चार थर. प्रत्येक थर नखाने मागे दाबायचा. मग कात्री: आधी खालची बाजू सपाट, मग दोन्ही कडा, वर सगळ्यात शेवटी. खालची बाजू गोल राहिली तर फ्लाय ओढताना लोळते.

लोकर पाणी पिते. फेकताना फ्लाय कोरडी असतानापेक्षा बरीच जड होते, ७ नंबरपेक्षा हलक्या रॉडवर त्रास होतो.

---

नवशिका

लोळण्यावरून आठवलं. माझा क्लाउझर ओढताना गोल गोल फिरतो आणि लीडरला (फ्लायला जोडलेल्या दोरीच्या बारीक टोकाला) पीळ पडतो. डंबेल आता सरळ आहे (बॉबिन, आभार).

---

सस्क्वेहानाकर

चार कारणं असतात, याच क्रमाने बघा.

वरची जुडी दांडीच्या एका बाजूला सरकली आहे का? समोरून, हुकाच्या डोळ्यातून बघा. जुडी मधोमध दिसली पाहिजे. बांधताना धागा आवळला की तो केस स्वतःच्या दिशेने ओढून नेतो, म्हणून जुडी आधी किंचित स्वतःकडे झुकवून धरायची, आवळल्यावर ती मध्ये येते.

चमकीच्या तारा एकाच बाजूला आहेत का? लांब तारा वल्ह्यासारखं काम करतात. मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना समान करा.

केस जास्त आहेत का? हलक्या डोळ्यांवर जाड जुडी असली तर केसांतली हवा आणि पाण्याचा अडथळा वजनावर मात करतो, फ्लाय धड सुलटी नाही धड उलटी. केस काढा, डोळे वाढवू नका.

गाठ कोणती? घट्ट गाठ हुकाच्या डोळ्यात तिरपी बसली की फ्लाय तिरपी ओढली जाते. न सरकणारी लूप गाठ घाला, फ्लाय मोकळी हलते.

तपासायला नदीवर जायची गरज नाही. बादली भरा, हातभर लीडर बांधा, ओढा आणि सोडा. पूर्ण भिजल्यावरच बघा, कोरड्या केसांत हवा असते, ती खोटं सांगते.

---

पाणघार

केस हुकाच्या बाकात अडकतात त्याचंही इथेच. शेळीचे केस बकटेलपेक्षा मऊ, त्यामुळे लांब फ्लायमध्ये हे हमखास होतं. बाकाच्या सुरुवातीला ०.४५ मोनोची आडवी लूप बांधा, दांडीच्या एक तृतीयांश लांबीची, आणि खालची जुडी तिच्यावर टेकवा. केस खाली लोंबत नाहीत.

---

शेवाळ

शिसं अजून चालतं का? ऐकलं की काही ठिकाणी बंद आहे.

---

पोटोमॅककर

यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये शिशाचं साहित्य चालत नाही. इंग्लंडमध्ये लहान शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे, ती पाणपक्ष्यांच्या पोटात जातात म्हणून. जिथे बंदी नाही तिथेही पितळ वापरावं असं माझं ठाम मत आहे. घनता शिशाची ११.३, पितळेची साडेआठच्या आसपास, टंगस्टनची १९.३. म्हणजे पितळ घेतलं तर एक नंबर मोठं, टंगस्टन घेतलं तर एक नंबर लहान. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

---

कोयनाकाठ

सगळं एकत्र करून दोन बांधण्या लिहितो. चुकत असेल तर सांगा.

मरळ, उथळ तण: हूक २ नंबर, रुंद बाकाचा. ४ मिलिमीटर स्टीलची मण्यांची साखळी. खाली काळे, वर काळे उस्मानाबादी केस, एकूण जुडी सस्क्वेहानाकर म्हणतात तेवढीच. लांबी दांडीच्या अडीच पट. चमक तांबूस, चार तारा. मोकळ्या तणात गार्ड नाही. जलपर्णीच्या कडेला दोन पायांचा, बोटाच्या चाचणीवर उतरेल तेवढा जाड. लीडर पाच-सहा फूट, शेवटी ३० पौंडी मोनो, तण आणि दात दोन्हीसाठी.

खडस, वाहतं पाणी आणि डोह: हूक १/०, जाड तार, आखूड दांडी, काटा दाबलेला. पितळी डंबेल ५ मिलिमीटर. खाली पांढरे, वर ऑलिव्ह केस, दांडणी या लहान माशासारखं दिसायला मधून एक गडद पट्टा. बाकाशी मोनोची लूप. गार्ड नाही.

देवाचे मासे म्हणून राखलेल्या डोहांत, वाळणकोंडीसारख्या, कुठलीच फ्लाय नाही. धरणावर मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे असेल त्याची परवानगी आधी. आणि मरळ पिल्लांच्या लाल थव्यावर राखणीला असेल तर तिच्यावर टाकू नये. त्या वेळी ती भूक म्हणून नाही, राग म्हणून तोंड मारते. तिला उचललं की थवा काही क्षणांत इतर माशांच्या पोटात जातो.

---

रंगारीण

शेवटच्या परिच्छेदाला +१००. गडद पट्ट्यासाठी वेगळे केस रंगवू नका, ऑलिव्ह जुडीवर काळे पाच-सहा केस टाकले की झालं. त्याहून जास्त टाकले तर पाण्यात पट्टा न दिसता सगळी पाठच काळी दिसते.

---

सस्क्वेहानाकर

दुसऱ्या बांधणीत एकच दुरुस्ती. आखूड दांडीच्या १/० वर ५ मिलिमीटर डंबेल एक तृतीयांश अंतरावर ठेवलं तर मागे जुडी धरायला जागाच राहत नाही. ते एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे किंचित पुढे घ्या. पुढे गेल्याने नाक जास्त वेगाने खाली जाईल, वाहत्या डोहात ते हवंच आहे.

---

नवशिका

पावसाळ्यात डब्यातले हूक गंजतात, त्यावर कोणी काही करतं का?

---

बॉबिन

वापरलेली फ्लाय त्याच दिवशी डब्यात परत ठेवू नका. एक ओली फ्लाय बंद डब्यातल्या सगळ्यांना गंजवते. थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून पंख्याखाली रात्रभर. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. रंग बदलणारी निळी घेतली तर गुलाबी झाली की ओल भरली हे कळतं, तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळी होईपर्यंत तापवा. पुडी कागदाची असेल तर आधी आतले दाणे वाटीत काढा, कागद जळतो. ती वाटीही मग स्वयंपाकात परत नाही.